मडगार्डावरचा पंजा

अहो गाडीभक्त,

पोरीला डोस द्यायला दवाखान्यात नेतेय. तिचे धुतलेले चारही मऊ लंगोट तू मोटरसायकलची टाकी पुसून काळे केलेस. धन्य रे बाबा तुझी भक्ती! म्हणून तुझा मिरवायचा पांढरा शर्ट फाडून तिला गुंडाळलाय. बोंबलू नकोस.

सकाळी तू पॉलिशची डबी आणायला नाक्यावर पळालास, नेमकी तेव्हाच तुझी लेक पुढचं चाक धरून पहिल्यांदा उभी राहिली. खिदळत इकडेतिकडे बघत होती. बाप कुठाय? डबी निवडतोय!

मडगार्डावर तिचा बिस्किटाने बरबटलेला पंजा उमटलाय. देवाने डोळे दिलेत, तर बघ. आणि फडकं घेऊन तो पुसलास, तर मला आई म्हणू नकोस.

— आई