कुळगुरूचे पाय

पुलगाव, बुधवार, ता. २६ जून १९५७

माझा धाकटा भाऊ बाबू युनिव्हर्सिटीचा कुलगुरू झाला. मले वाटलं, घराण्याचा कुळगुरू असते तसंच काही. म्हणून आज तो घरी आला तर परात अन् तांब्या घेऊन मी त्याचे पाय धुवाले बसली. साहेब हसले. "अक्का, अजून अडाणीच राह्यली तू!"

काऊन राह्यली, ते त्याले ठाऊक नाई? आई गेली अन् ह्याले सांभाळासाठीच माझी शाळा राहून गेली.

तरी परातीपुढं बसूनच म्हटलं, "बाबू, आपली शांता मॅट्रिक झाली. तिले कॉलेजात घाला, एवढं तुह्या भाऊजीले सांग. तुझं ऐकतील ते."

तर म्हणे, "पोरीच्या जातीले काय करायचं कॉलेज? स्थळ पाह्य."

अन् सकाळीच गावातल्या सत्कारात गळ्यात हार घालून स्त्रीशिक्षणावर तासभर बोलला! शांता दाराआड ऐकत होती. चहा घेऊन बाहेर आलीच नाई. परातीतलं पाणी मी भेंडीच्या वाफ्यात ओतलं.

हे अक्षरं मले त्यानंच शिकवले. चौथीत होता, चुलीपुढच्या राखेत बोटानं गिरवून घ्यायचा. तवा तो गुरू होता. पाय तवा धुवायचे होते.