भावाबरोबरची कालवड

१९ ऑगस्ट
चांदी पहाटे व्याली. जुळी! आधी गोऱ्हा, मग कालवड. सासरे खुश, सगळ्यांना फोन करत सुटलेत. सासूबाईंचं तोंड मात्र उतरलं. म्हणाल्या, "भावासंगं आलेली कालवड गाभन न्हाई राहत. माज्या म्हायेरी एक व्हती. मोठी झाल्याव बैलावानी डुरकायची."
मी चिकाचं भांडं धरून उभी. आधी हसू आलं. मग आठवलं की मी आणि संदीपही जुळेच. तो आधी, मी नंतर. लग्नाला तीन वर्षं झाली आणि अजून काही नाही. हसू गेलं.

२१ ऑगस्ट
शेजारच्या काकू खरवसासाठी चीक न्यायला आल्या. मी कुट्टी मशीनपाशी, कडबा कापत. मशीन बंद केल्यावर नेमकं ऐकू आलं. "तुमची सून पन भावासंगंच जल्मलेली ना?"
सासूबाई: "व्हय." एवढंच. पुढे काहीतरी म्हणतील असं वाटलं होतं.
जेवताना किरणला सांगितलं. "काकूंचं काय मनावर घेतेस," म्हणाला आणि आणखी एक भाकरी मागितली. नवऱ्याला बरं, भूक लागते.

३० ऑगस्ट
कालवड ढुशा देते. गोऱ्हा गरीब, कोपऱ्यात पडून असतो. सासूबाई रोज तिच्याकडे बघतात आणि मान हलवतात.
मी माझ्याकडे बघायला लागलेय. शिट्टी वाजवते. ट्रॉलीसकट ट्रॅक्टर मागे घेते, किरणला ते अजून जमत नाही. लहानपणी भातुकली कधी नाही, विटीदांडू. आजवर या सगळ्याची ऐट होती. आज गोठा झाडताना शिट्टी तोंडात आली ती दाबली. मग स्वतःचाच भयंकर राग आला.
संदीपला फोन. "पोटात तूपण होतास ना रे माझ्याबरोबर? तुझ्यावर काही परिणाम?"
"म्हणून तर माझ्या पोळ्या गोल येतात," तो म्हणाला. खरंच येतात. मालिका बघून रडतोही तोच. खूप हसलो. फोन ठेवल्यावर मी रडले.

८ सप्टें.
गुरांचे डॉक्टर आले, चांदीला इंजेक्शन. सासूबाईंनी पदर सारखा करत त्यांना सरळच विचारलं. माझ्यासमोर. "डाक्टर, बाईमानसाचं पन आसंच आसतं का वो? भाऊ संगं आसला तर?"
मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. डॉक्टर हसले नाहीत, हे बरं केलं. म्हणाले, गायीच्या पोटात जुळ्यांच्या रक्तवाहिन्या बहुतेक एकमेकींना जुळतात. गोऱ्ह्याचे हार्मोन कालवडीच्या अंगात जातात. तिचं गर्भाशय अर्धवट राहतं, मेंदूवरही परिणाम होतो, म्हणून पुढे बैलासारखी वागते. माणसात बहीणभावाचं रक्त असं एक होत नाही. "त्यामुळे पोर होण्याचा आणि जुळ्याचा संबंध नाही, मावशी."
मी विचारलं, आणि स्वभावाचं? शिट्टीचं नाही विचारलं, पण तेच विचारायचं होतं.
"हार्मोनचा मेंदूवर परिणाम माणसातही होतो, पोटात असल्यापासून. पण भाऊ शेजारी होता म्हणून बहीण अशी झाली, असं काही नक्की सापडलेलं नाही. घर, शाळा, सवय, सगळंच असतं की त्यात." आणि ढुशांचं म्हणाल तर या वयात सगळीच वासरं ढुशा देतात, म्हणे.
सासूबाई बरं म्हणाल्या. पटलं की नाही, तोंडावरून कळलं नाही.

४ ऑक्टो.
कालवड तपासली. नळी घालून बघितली, आत जेमतेम शिरली, म्हणजे आतली वाट अर्धवटच. डॉक्टर म्हणाले, ही गाभण राहायची नाही. सासूबाईंनी तिच्या गळ्याखाली खाजवलं.
मला माहीत होतं तरी वाईट वाटलं.

१७ ऑक्टो.
नारायणगाव. मीच ठरवून गेले. तिथल्या डॉक्टर बाईंनी सोनोग्राफी केली, रक्त तपासलं. सगळं ठीक. जुळ्याचं सांगितलं तर त्याही तेच म्हणाल्या, संबंध नाही. "आता मिस्टरांना पाठवा. निम्मं त्यांचंही असतं."
किरणला सांगितलं. "बघू. कांदा लावून होऊ दे."

२ नोव्हें.
कांदा चालू. मग म्हणे ऊसतोड. सासूबाईंना रिपोर्ट दाखवला, त्यांनी चष्मा न लावता बघितला आणि परत दिला.

२३ नोव्हें.
आळेफाट्याचा गुरांचा व्यापारी आला. सासऱ्यांनीच बोलावलेला. कालवड जाळीला शिंगाचे कोंभ घासत उभी. (बिबट्यामुळे लावलेली जाळी, तिने अर्धी वाकवलीय.) व्यापारी म्हणाला, "ठेवता कशाला मावशी? ना दूध ना वासरू."
त्याने दाव्याला हात घातला. सासूबाई हातातली पाटी घेऊन मध्येच उभ्या राहिल्या. "सोडू नको. ऱ्हाऊ दे तिला. शेन तर देती."
सासरे काहीतरी पुटपुटले. व्यापारी चहा पिऊन गेला.
मला बरं वाटलं, आणि टोचलंही. मी काही तिच्यासारखी तपासणीत नापास झालेली नाही. तसं म्हणणार होते, तेवढ्यात सासूबाई किरणकडे वळल्या. तो पाइप जोडत होता.
"आनि तू रं? पोरीची तपासनी कवाच झाली. तुजी कधी व्हायची?"
त्याचे कान लाल. काकू कुंपणापलीकडे होत्या, त्यांनी ऐकलं. सासूबाईंनी आवाज कमी केला नाही.
मी कुट्टी टाकायला गेले. शिट्टी वाजवत.
किरण म्हणालाय, बुधवारी जातो. कोणत्या बुधवारी ते नाही सांगितलं.