निळ्या खणातला दिवा

मार्गशीर्ष शु. २, सोमवार
पह्यले आली ती गोदी, शेजारच्या मळ्यातली. म्हणे, "माय, सायेबाची दमणी तुमच्याकडंच वळून राहिली." मग मागून दोघं आले, अकोल्याचे, शेतकी खात्याचे. एक म्हातारा सायेब, एक चष्मेवाला बाबू. बाबू पुण्याकडं शिकलेला, शब्द चिमट्यानं धरून बोलते. गोठ्याच्या तिन्ही खिडक्याले काचा बसवल्या. पह्यल्या खणात लाल, मधल्यात साधी, शेवटच्यात निळी. एकेका खणात बारा पिल्लं. कोणत्या उजेडात कोंबडं चांगलं वाढते ते पाहाचं म्हणे, आन रोज लिहून ठेवाचं. सून यमुना, तिले लिहिता येत नाही. मले नातीनं, शांतीनं, पाटीवर शिकवलं तेवढं येते. म्हणून काम माह्याकडं. लई हरीक वाटला. या वयात सरकारी काम.
गोदी जाता जाता, "माळ्याच्या घरी कोंबड्या. आता वांग्याले पिसं फुटतीन." फुटू दे.
कौ. चा दिवा लावला.

शु. ६, शुक्रवार
दाणा तिन्हीकडं मापून सारखा. पाणी सारखं. दिवस मावळला का अंधार पडू द्या, असं बाबूनं दोनदा बजावलं. तसंच करून राहिली. लाल खणात गेलं का मले सहन होत नाही, सगळी पिल्लं तापानं फणफणल्यासारखी दिसतात. निळ्यात गार वाटते. पण तिथली पिल्लं माह्याकडं पाहत नाहीत. कोपऱ्याकडं पाहतात. त्याच कोपऱ्यात बाज होती.
दिवा लावला.

वद्य २, मंगळवार
भाजीच्या तराजूत पिल्लं तोलली. लाल आन साधी सारखीच. निळी भारी, हाताले जड लागते. गोदी म्हणे, "काय चारता वं माय?" म्या म्हटलं, "म्या नाही, कौसी चारते." थट्टाच केली. तिचं तोंड उतरलं. मग माहंबी.
सांजेले त्या खणातून आ आ आ येते. कौसी शेजारच्या कोंबड्याले बोलवे तसं. यमुनेले नाही ऐकू येत.

वद्य १०, बुधवार
शांतीनं विचारलं, "आजी, कौ. म्हंजे कोण?" लिहूनच टाकावं एकदा.
कौसी माही पह्यली पोट्टी. नऊ वर्साची. गाठीच्या तापाच्या साली तिले गोठ्यात ठेवली, शेवटच्या खणात. घरात तिचा भाऊ अंगावर पेत होता. दारातूनच भाकर सरकवो, दारातच दिवा ठेवो. दोन दिवस ठेवला. तिसऱ्या सांजेले तिनं हाक मारली, माय, दिवा आन ना. ऐकलं म्या. चुलीपुढून उठली नाही. भ्यायली. सकाळी
तवापासून एक सांज चुकली नाही. तिच्या बाजेवरच्या देवळीत दिवा. तेल सरे तवरोक जळते.

पौष शु. ३, गुरुवार
आज दिवा लावून वळली तं यमुना मागं उभी. म्हणे, "आत्याबाई, हे तं जेवून राहिले."
पाह्यलं. दोन खणात अंधार, पिल्लं एकमेकीत घुसून झोपलेली. सकाळी त्याहीचा दाणा उरते. निळ्यात दिव्याखाली टोचणं चालू, टप टप. इथं उरत नाही.
"बाबूनं अंधार सांगतला होता ना?"
"हा दिवा कोंबड्याचा नाही वं. कौसीचा हाये."
"कोंबड्याले काय मालूम, कोणाचा हाये तं."
इतके दिवस मनात आलंच नाही. दिवा म्हंजे उजेड, असं कधी धरलंच नाही म्या. आन आ आ आ? टोचण्याचा आवाज तसा नसते.

शु. ५, शनिवार
दोघंही आले. तोलून पाह्यलं. सायेब हसून म्हणे, "आजीबाई, निळ्यानं बाजी मारली." अंजनगावाकडच्या गावात निळ्या काचा बसवाले सांगणार. गोदी तिथंच उभी. तिनं तं निळ्या काचेसाठी कालच भिंत फोडून खिडकी केली. तिची पिल्लं नाही वाढली तं गोदी मलेच विचारीन.
बाबू म्हणे, "अंधार पाळलात ना?"
म्या हो म्हटलं. यमुना चुलीकडं पाहत राहिली.
मग बाबू म्हणे, "बुधवारी दिवस मावळताना येतो. अंधारात पक्षी कसे बसतात, ते पाहायचं आहे."
ते गेल्यावर यमुना एवढंच म्हणे, "एक सांज नाही लावला तं काय होईन?"
एक सांजच नव्हता लावला.

शु. ८, मंगळवार
आज दिवा न लावता खणात जाऊन बसली. पाहावं म्हटलं, जमते का. अंधार झाला. लाल आन साधी झोपली. निळ्यातली एकही झोपली नाही. बाराच्या बारा देवळीकडं तोंड करून उभी. टोचणं नाही, आवाज नाही. वाट पाहून राहिली. मग मागून, अगदी बारीक, माय.
काडी पेटवली.
यमुनेनं दारातून पाह्यलं.
तेलाची बाटली देवळीतच हाये. चिमटीभर वात वळून ठेवली. बाबूले सांगाचं तं काय सांगाचं, तेबी मनात जुळवून पाह्यलं. कौसीच्या नावापाशी अडते.
बुधवारी दिवस मावळताना येतो म्हणाला. उद्या बुधवार.