बदललं तेवढंच

२ जून
आले एकदाची! खोलीत खाट, टेबल आणि खिडकीतून समोर कामाची इमारत. बाबांनी गल्लीभर सांगितलंय, आमच्या घरातली पहिली पदवीधर नोकरीला लागली. आईला फोनवर काम समजावलं : एका सर्व्हरवर चालू असलेली आभासी मशीनं, म्हणजे संगणकातले संगणक, न थांबवता दुसऱ्यावर हलवायची, रिकामा झालेला सर्व्हर बंद करायचा, वीज वाचवायची. आई म्हणाली, म्हणजे उकळी मोडू न देता पातेलं दुसऱ्या शेगडीवर! अगदी तेच.

५ जून
आमचे सीनियर, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, त्यांनी पद्धत शिकवली. आधी मशीनची सगळी स्मृती तिकडे उतरवायची. तोवर इकडे काम चालूच असतं, म्हणून बदललं तेवढंच पुन्हा पाठवायचं. पुन्हा बदललं, पुन्हा तेवढंच. चिमूटभर उरलं की इकडचं थांबवायचं, तिकडचं जागं करायचं, इकडचं पुसायचं. एखादं मशीन फारच धावपळ करत असेल तर उरलेलं आटतच नाही. मग मुद्दाम त्याचा वेग कमी करायचा. मास्तर म्हणाले, दमवायचं गं, दमलं की निमूट जातं.

१९ जून
सलग डबल शिफ्ट. जिना चढताना मध्येच बसावं लागतं. घरी जायला सुट्टी मागितली, तर मास्तर म्हणाले, इतक्यात माहेर आठवलं? सासर काही वाईट नाही हो!

२३ जून
आईला फोन केला. म्हणाली, पलीकडच्या खोलीतून फोन काय करतेस, आळशी कुठली! आल्यापासून नुसती झोपून आहेस. थट्टाच असणार. हसले मी.

२६ जून
बाबांनी फोन घेतला. संतापून विचारलं, कोण बोलतंय? आमची पोर इथे डोळ्यांसमोर झोपलीय. झोपेत बडबडते म्हणाले. शाळेचं, कॉलेजचं. मास्तरांनी शिकवलेलं.

२८ जून
आईने सांगितलं, ती आज मास्तरांचं सासर-माहेर बडबडली. कालपर्यंत तिला हे ठाऊक नव्हतं.
उरलेलं आटतंय.

३० जून
बदलत राहायचं. नवे रस्ते, नवे चेहरे, दुकानांच्या पाट्या पाठ — म्हणजे ती मागे पडेल. पण पाय उचलत नाहीत. भर दुपारी डोळे मिटतात. इतकं दमायला मी केलं तरी काय? कुणीतरी मला मुद्दाम —

१ जुलै
आई फोनवर सांगतेय, ती पाट्या पुटपुटतेय. कालच्या.
आजच्या सकाळच्या.
आई म्हणाली, पुरे झाली झोप, उठवते तिला. नको म्हटलं. ओरडले. आवाजच —
अजून एक पाटी. निळी. शिंप्याची, तिच्यावर —
माझ्या केसांतून आईचा हा