चावडीतले कोरडे तांदूळ

मु. बेंबळी, चैत्र महिना

तीर्थस्वरूप सोमलिंगदादा यांच्या सेवेशी हणमंतप्पाचा शरणार्थ.

तुमची बहीण धुरपदा आणि मी इथं सुखरूप आहोत. लढाईपायी रॉकेल मिळेना, म्हणून दिवसाउजेडीच पत्र उरकतो. वाशीला तुमची प्रकृती कशी आहे? झोप लागते का? आणि मुद्दाम विचारतो, तोंडाला कोरड तर पडत नाही ना? (हसू नका, पत्र पुरं वाचा.)

पाटलांच्या नातवाच्या बारशाला तुम्ही आमच्याबरोबर जेवलात, पहाटे वाशीला निघालात, आणि इकडं बोंब झाली. पाटलांचा चांदीचा पानाचा डबा गेला! पाटील म्हणाले, पोलीस ठाण्यात अमीनसाहेबांना कळवलं तर ते सगळ्या पंगतीलाच उलटं टांगतील, त्यापरीस आपला जुना इलाज बरा. सोमवारी पंगतीतल्या प्रत्येकानं चावडीत मूठभर कोरडे तांदूळ चावून पानावर थुंकायचे. चोराच्या तोंडचं पाणी पळतं, त्याचे तांदूळ कोरडेच पडतात. ज्याचे कोरडे, तो अमीनसाहेबांच्या हवाली. वर ताकीद अशी, की कुणी हकिमाचं औषध किंवा वैद्याचा काढा घेतला, तर तोच चोर.

आता माझी पंचाईत बघा. बारशाच्या दुसऱ्या दिवसापासून माझं तोंड असं कोरडं, की जीभ टाळूला चिकटून बसे. डोक्यावर मिठाची गोणी घेऊन गावोगाव हिंडलो तेव्हा कुठं दुकान उभं राहिलं, आणि ती सारी अब्रू आता थुंकीवर आली! औषध बंद, म्हणून बिनऔषधी उपाय धरले. तंबाखू सोडली. धुरपदानं जेवणातलं तिखट बंद केलं आणि तांब्या घेऊन दुकानात माझ्यामागं हिंडू लागली, घोट घोट पाणी पाजायला. जीभ दातांवरून गोल फिरवली की पाणी सुटतं म्हणून फिरवत बसलो, तर गिऱ्हाइकं रुसली, मी वाकुल्या दाखवतो म्हणून. शेजारचे दादामियाँ म्हणाले, "सावकार, खजुराची बी गालात धरा. आमचे चाचा हजला गेले, जहाजावर हेच करायचे." धरली, आणि बोलता बोलता गिळली. मग धुरपदा म्हणाली, तुम्ही तोंड उघडं टाकून झोपता, कोरड पडणारच. म्हणून दुपारी हनुवटी उपरण्यानं डोक्याला बांधून पडलो. गोरोबा कुंभार मीठ मागायला आला, मला पाहून तसाच उलटा पळाला, आणि घटकेत ओसरीवर बायका रडायला! (एक जण रडता रडता विचारत होती, आता दुकान कोण चालवणार. माझे कान तुम्हाला ठाऊकच आहेत.)

सोमवार उजाडला. पाटील काठी टेकून समोर. तांदूळ तोंडात टाकले, ते वाळूसारखे खरखरले. शेजारी गोरोबाचे तसेच, पलीकडं दादामियाँचेही. भीतीनं साऱ्यांचीच तोंडं वाळलेली. चावडीत जणू गुरं कडबा खात होती. पाटलांची नजर फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली. "हणमंतप्पा, थुंका."

इतक्यात खिडकीखालून आवाज आला. कच्च. कच्च. विळीवर कैरी! मागोमाग तो आंबट वास. दादा, तोंडाला असं पाणी सुटलं, की आवरेना. साऱ्यांच्याच पानांवर खिमट पडलं. पाटील स्वतः आवंढे गिळत होते, म्हणून जास्तच संतापले. बाहेर येऊन पाहतो तर तुमची बहीण भिंतीशी लोणच्याच्या कैऱ्या चिरत बसलेली. "घरात उजेड न्हाय," म्हणाली.

आम्ही सुटलो. आता पाटील म्हणतात, पंगतीला बाहेरगावचे पाहुणे होते, त्यांना येत्या सोमवारी बोलवा. बाहेरगावचे तुम्ही एकटेच होतात. म्हणून हे उपाय सविस्तर लिहिले. मुलाबाळांस आशीर्वाद.

तुमचा,
हणमंतप्पा

ता. क. त्या पहाटे तुमची पिशवी मीच गाडीत ठेवली. आत एक झाकण खट्‌कन बसलं. चांदीचं झाकण पितळेसारखं वाजत नाही, दुकानदाराला ते कळतं. माझं तोंड तेव्हापासून कोरडं. चुकून गेला असेल, मी विचारत नाही. तुम्ही चिंच पाठवणार होतात, ती सोमवारच्या आत पाठवा, आणि पोत्याच्या तळाशी डबा घाला. आहेराच्या टोपलीतून आमच्याच घरी आला होता असं पाटलांना सांगेन. गाव हसेल, हसू दे. धुरपदाला यातलं काही ठाऊक नाही.

पुन्हा ता. क. पुटपुटत लिहायची माझी खोड, आणि धुरपदा दाराआड उभी. म्हणते, दादाला एवढंच कळवा, कैऱ्या संपल्या.