दोन बोटं लांब

शुब्रा, कैरो
शुक्रवार, ७ नोव्हेंबर २०२५

प्रिय वगदीमामा,

सलाम. आम्ही सगळे इथे खुशाल आहोत. पोर्ट सईदला तूही खुशाल असशील, दुकान बरं चालत असेल आणि समुद्राची हवा खाऊन पोट आणखी थोडं सुटलं असेल, असं धरून चालते. धरून चालण्याखेरीज इलाज नाही, कारण तू आमचे सगळे नंबर ब्लॉक करून ठेवलेस. म्हणून ही पोस्टाची पायरी चढायची वेळ आली. पाकीट मागितलं तर खिडकीतल्या बाईंनी दोनदा विचारलं, "कोणाला, वकिलाला का?" म्हटलं, नाही, मामाला. तेव्हा त्यांना माझी दया आली.

पत्राचं कारण अगदी साधं आहे. कॉम्प्युटरला नवं ग्राफिक्स कार्ड हवंय आणि त्यावर तुझा सल्ला हवाय. मी नववीत असताना तू बसवलेलं कार्ड अजून जिवंत आहे, पण हल्लीचा कुठलाही खेळ लावला की त्याला धाप लागते. सावल्या बंद, धुकं बंद, पाण्यातली प्रतिबिंबं बंद, असं सगळं बंद करत करत खेळते. परवा तर गोळी आधी लागली आणि ती झाडणारा माणूस नंतर दिसला. शिवाय आता माझं कामही त्याच यंत्रावर चालतं. तुला कोणी सांगितलं नसेल, मी एका छोट्या कंपनीत खेळांसाठी चित्रं काढते. गल्ल्या, गच्च्या, वाळत घातलेले कपडे. त्याचा पगार देतात, खरंच.

तर मनात तीन कार्डं होती. पहिलं आखूड, दोन पंख्यांचं. मेमरी बेताची, पण तू केलेल्या कॉम्प्युटरच्या हिरव्या पेटीत मुकाट्यानं बसेल. दुसरं जुनं. बुस्तान मॉलमधला विकणारा शपथ घेऊन सांगत होता की एका मुलीनं फक्त अभ्यासाला वापरलंय. त्याची बूडबाजू भाजून काळपटली होती. कॉम्प्युटरवरची क्रिप्टो नाणी खोदायला कोणीतरी त्याला रात्रंदिवस राबवलेलं, हे आंधळ्यालाही कळलं असतं. तू असतास तर हुंगूनच परत दिलं असतंस. तिसरं लांबडं, तीन पंख्यांचं, भरपूर मेमरीचं. एकदा घेतलं की पाच-सहा वर्षं मागे वळून बघायला नको. पण ते दोन बोटं लांब आहे. पेटीतल्या हार्ड डिस्कच्या पिंजऱ्याला जाऊन अडतं.

आणि तो पिंजरा तू रिव्हिट मारून पक्का केलायस. बंदरातल्या भंगारातून जहाजाचा पत्रा आणून पेटी केलीस, वर जहाजाचाच रंग दिलास, मग स्क्रू लावायला काय झालं होतं? दुकानात फोटो दाखवला तर म्हणाले, हे कॅबिनेट आहे की तिजोरी. सगळ्यांचं एकच म्हणणं, हे फेका आणि नवं घ्या, काचेचं, आत दिवे लागणारं. मी ती पेटी फेकणार नाही, मामा. त्यामुळे दोनच वाटा उरतात. एक तर आखूड कार्डावर भागवायचं, नाही तर कोणीतरी येऊन तो पिंजरा कापायचा. ते कोणीतरी तूच असावंस असं मी म्हणत नाहीये. मी नुसता सल्ला मागतेय.

नवं कॅबिनेट घे म्हणणाऱ्यांत मुअतझ सगळ्यात पुढे होता. मुअतझ कोण, हे सांगायचं राहिलं. सांगते.

तुला आठवतं का, पहिला खेळ घातलास तेव्हा खातं उघडताना खेळाडूचं नाव म्हणून तू स्वतःचंच लिहिलंस? मी ते कधी बदललं नाही. आधी आळसानं आणि नंतर... नंतरही आळसानंच समज. तर खेळात मी वगदी. गेल्या वर्षी आमच्या तुकडीत एक मुलगा आला, मन्सूराचा. मी माइक कधी लावत नसे, नुसतं टाइप करायची. तो मला "वगदीभाऊ" म्हणायचा. वगदीभाऊ, डावीकडे बघ. वगदीभाऊ, तू म्हणजे वाघ आहेस. वगदीभाऊ, तुला बहीण आहे का रे? शेवटी एकदा माइक लावला आणि म्हटलं, बहीण नाही, पण आई आहे, आणि ती फार कडक आहे. पलीकडे इतका वेळ शांतता, मला वाटलं नेट गेलं.

तोच मुअतझ. औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. सरळ माणूस आहे, हसतो खूप, आणि खेळात मला पुढे घालून स्वतः मागे लपतो. घरी आला, आईला भेटला. आईनं लोणचं मुरवत ठेवल्यासारखं त्याला तासभर प्रश्नांत बुडवून ठेवलं, तरी डगमगला नाही. शेवटी जीव जरा भांड्यात पडला असावा, कारण सवयीनं माझ्याकडे वळून म्हणाला, "वगदी, जरा पाणी दे ना."

मामा, सात वर्षांत त्या घरात तुझं नाव कोणी उच्चारलं नव्हतं. आईनं शिलाई मशीनवरून मान वर केली, त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला सगळं सांगावं लागलं, खात्याचं नाव, वगदीभाऊ, वाघ, सगळं. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय, पण ती हसत होती. डोळ्यांना ओढणी लावून हसत होती, आणि थांबायचं म्हटलं तर तिला थांबता येत नव्हतं. मुअतझ बिचारा उठून स्वतःच पाणी घेऊन आला.

हो, लग्न ठरलंय. पत्राच्या सुरुवातीलाच लिहायला हवं होतं, पण पेन कार्डावरच घुटमळत राहिलं.

आता शबक्याची, मुलाकडून मुलीला घालायच्या सोन्याची, गंमत ऐक. सोन्याचा भाव तू ऐकतोसच. मी मुअतझला म्हटलं, मला बांगड्या नकोत, गळ्यातलं नको, एक अंगठी पुरे, बाकी शबका म्हणून मला कार्त शाशा घे. तो इतका खूश झाला की बसमधूनच त्यानं आपल्या आईला, झीनतकाकूंना, फोन लावला. बसमध्ये गोंगाट. काकूंनी "कार्त शाशा" ऐकलं "कार्त शहन". म्हणजे ग्राफिक्स कार्ड राहिलं बाजूला, त्यांच्या कानावर पडलं फोनचं रिचार्ज कार्ड. त्यांना वाटलं, काय ही पोरगी! सोनं सोडून नखानं खरवडायचं रिचार्ज कार्ड मागते! मन्सूरातल्या अख्ख्या गल्लीत माझ्या साधेपणाचा डंका पिटला त्यांनी. कोणाच्या तरी आजीनं म्हणे आपल्या सुनेला ऐकवलं, बघ, अशा असतात मुली.

लग्न पक्कं करायला, फातिहा वाचायला मंडळी आली त्या दिवशी काकूंनी मोठं ताट आणलं, वर चकचकीत कागद, रिबिनी, कागदी गुलाब. आईनं कागद सोडला. आत सगळ्या कंपन्यांची रिचार्ज कार्डं पंख्यासारखी मांडलेली, मधोमध अंगठी. आईनं ताटाकडे पाहिलं आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "झीनतबाई, माझी मुलगी एवढे फोन करणार तरी कोणाला आहे?"

काकू म्हणाल्या, तिनंच मागितली. मुअतझनं कपाळाला हात लावला. मग सगळा उलगडा झाला. काकूंचा चेहरा पडेल असं मला वाटलं होतं, पण त्या सगळ्यात मोठ्यानं हसल्या. मग सावरून बसत विचारलं, की हे जे काय आहे, ते गळ्यात घालता येतं का? मी तोंड उघडायच्या आत आईच म्हणाली, "गळ्यात नाही येत. पण त्याला पंखे आहेत. उन्हाळ्यात सोन्यापेक्षा बरं." काकूंनी तिथेच जीभ भराभर हलवत लग्नघरातला असा आनंदाचा सूर काढला की समोरच्या गच्चीवरच्या बायका कठड्याशी आल्या. दोन बांगड्या मात्र घेतल्याच त्यांनी. लोकांना दाखवायला काहीतरी हवं म्हणाल्या. ती रिचार्ज कार्डं मी अजून वापरतेय.

आता खरं सांगते, सल्ला मागायची वेळ टळून गेलीय. कार्ड घेऊन झालं. मागच्या मंगळवारी आम्ही तिघं बुस्तानला गेलो, मी, मुअतझ आणि आई. आई का आली, ते मला कळेना. गळ्यात माप घ्यायची टेप तशीच, घाईत काढायची विसरली असेल असं वाटलं. मी आखूड कार्ड मागितलं. मुअतझ कुरकुरला, पण पेटीचा विषय निघाला की मी ऐकत नाही, हे आता त्याला ठाऊक झालंय. दुकानदार पावती करायला बसला.

तेवढ्यात आईनं टेप काढली आणि लांबडं कार्ड मापलं. पुन्हा मापलं. मग म्हणाली, हे द्या. दुकानदारानं मघाशी पेटीचा फोटो पाहिलाच होता. त्यानं नम्रपणे सांगितलं की तुमच्या पेटीत हे बसायचं नाही, बाई.

"ठाऊक आहे मला," आई म्हणाली. "काल ही ऑफिसात असताना पेटी उघडून मापून ठेवलीय. दोन बोटं लांब होतं."

मुअतझ म्हणाला, मी मित्राचं ड्रिल आणतो आणि पिंजरा कापून टाकतो.

"तू हात लावायचा नाहीस," आई म्हणाली. "ज्यानं शिवलंय, त्यानंच उसवायचं."

मी तिच्याकडे बघतच राहिले. ती पर्समध्ये काहीतरी शोधण्याचं नाटक करत होती. दुकानदाराला काय कळलं कोण जाणे, त्यानं आखूड कार्ड गुपचूप उचलून मागे ठेवलं.

येताना मायक्रोबसमध्ये खोकं तिच्याच मांडीवर होतं. मला देईना. शुब्रा जवळ आल्यावर खिडकीबाहेर बघत म्हणाली, "निकालाच्या दिवशी त्याची कॉफी तशीच राहिली होती. अर्धीसुद्धा प्यायला नाही." त्या दिवसाबद्दल या पत्रात एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसले होते, पण आता आलंच आहे तर लिहिते. माझे मार्क मेडिकलला थोडक्यात कमी पडले आणि आई तुला म्हणाली, की तुझ्या या खोक्यानं माझ्या मुलीचं डॉक्टर होणं खाल्लं, पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस. तू कप खाली ठेवलास आणि गेलास. मला तेव्हाही डॉक्टर व्हायचं नव्हतं, मामा, हे तुला ठाऊक होतं आणि तरी तू तिला उलटून बोलला नाहीस. आणि आज मी त्याच खोक्यावर पोट भरते. आईला हे कळून बराच काळ झालाय, फक्त तिला ते तोंडानं म्हणता येत नाही. तिचं तोंड कसं आहे, तुला माहीत आहे. तिनं मापून सांगितलं, इतकंच.

कार्ड सध्या पुढच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात आहे, सोनेरी काठाच्या कपांच्या शेजारी. येणाऱ्याजाणाऱ्याला आई ते दाखवते. काल शिवणाच्या गिऱ्हाइकाला सांगत होती, मुलीचा शबका आहे, तीन पंख्यांचा, हिचा मामा आला की बसेल. "आला तर" म्हणाली नाही, "आला की" म्हणाली. मी स्वयंपाकघरात कोबीची पानं गुंडाळत होते, माझी दोन पानं फाटली.

निकाह ५ डिसेंबरला, शुक्रवारी, असरच्या नमाजानंतर, कोपऱ्यावरच्या मशिदीत. माझ्या बाजूनं वडीलधारा म्हणून मुअतझच्या हातात हात कोणी द्यायचा, हे मौलवींनी विचारलं. बाबा असते तर प्रश्नच नव्हता. बाबांना भाऊ नाही, मला नाही. आई संध्याकाळी पांढरं कापड काढून निकाहाच्या वेळी त्या दोन हातांवर झाकायचा रुमाल शिवायला बसली. काठाला आमची दोघांची नावं भरलीत, फार सुंदर. पण रुमाल चांगलाच मोठा झालाय, जेवणाच्या फडक्याएवढा. मी म्हटलं, आई, दोन हात झाकायला एवढा कशाला? ती दोरा तोडत म्हणाली, "त्याचे हात मोठे आहेत."

मुअतझचे हात मोठे नाहीत, मामा. तू बघशीलच.

तो रुमाल या पाकिटात घालतेय. दुसरा शिवणार नाही असं आईनं बजावलंय, म्हणजे निकाहाला तो कोणीतरी आणावाच लागेल. बरोबर ड्रिलही आण. कॉफी मी करीन, यावेळी पूर्ण प्यायची.

अजून तुझ्याच नावानं खेळणारी,
शुरूक