दत्तक घेतलेली कथा

२ नोव्हेंबर, रविवार

आज जे झाले ते क्रमाने:

१. सकाळी साडेनऊला खोलीची किल्ली मिळाली.
२. खोली वरच्या मजल्यावर. बाहेरून दगडी जिना, पायऱ्या तेवीस, प्रत्येक सतरा सेंटीमीटर उंच. जिना फक्त माझ्याच दारापाशी संपतो. दुसरा रस्ता नाही. खिडकीला गज आहेत.
३. सामान चार फेऱ्यांत वर आले.
४. खाली राहणाऱ्या घरमालकीणबाईंनी माझे वय, नोकरी, आईवडील आणि लग्न न होण्याचे कारण विचारले. पहिल्या तिन्हींची उत्तरे दिली.
५. दाराला दोन कड्या होत्या. मी तिसरी बसवली.
६. आनंद झाला. बऱ्याच दिवसांनी झाला, म्हणून नोंद.

८ नोव्हेंबर, शनिवार

नोकरी मनासारखी आहे. कारखाने आणि दवाखाने त्यांची मोजमापाची उपकरणे आमच्या प्रयोगशाळेत पाठवतात. ती खरे बोलतात की खोटे, हे आम्ही तपासतो. माझ्याकडे थर्मामीटर आहेत. बरोबर एक तंत्रज्ञ आहेत, वयाने मोठे, सभ्य, आणि दिवसाला एकच विनोद करणारे. त्यांच्या मते मी हसले की खोलीचे तापमान अर्ध्या अंशाने वाढते. खरे कारण यंत्राची चूक.

संध्याकाळी ताईचा फोन. एकटी बसून भिंती मोजत असशील म्हणाली, आणि तिच्या फॅनफिकच्या, म्हणजे चाहत्यांनी लिहिलेल्या कथांच्या, गटाची लिंक पाठवली. डोंगरावरच्या हवामान केंद्रातली डॉक्टरीण आणि तिथला वायरलेस ऑपरेटर यांची एक मालिका होती. पंचावन्न भागांत दोघांनी एकमेकांचा हातही धरला नाही, आणि मालिका गुंडाळली. तेव्हापासून चाहते त्यांची लग्ने ऑनलाइन लावत आहेत. सहाशेच्या वर कथा आहेत.

गटाचा रिवाज असा, की आधी दहा कथांवर रिव्ह्यू लिहायचे, मगच स्वतःची लेखणी उचलायची. गट चालवणाऱ्या बाईंना सगळे मुकादम म्हणतात. मी ‘दशांश’ हे नाव घेतले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दहा रिव्ह्यू झाले. माझी थोडी दहशत बसली आहे. एका कथेत एकशे सात ताप असलेला रोगी प्रेमपत्र सांगतो आणि डॉक्टर ते लिहून घेते. मी लिहिले, की एवढ्या तापात माणूस स्वतःचे नावही सांगू शकत नाही. आणि कथेतली घरे तर अशी आहेत की वारा आला तर उडतील. पाहिलेल्या घराबद्दल लिहा, पायऱ्या मोजून लिहा. लेखिकेने उत्तरात एवढेच म्हटले, की दशांशताई, तुम्ही कधी प्रेमात पडल्या नाहीत का?

दहावी कथा ‘निळीशाई’ या लेखिकेची. चौदा प्रकरणे एका बैठकीत वाचली. केंद्र सोडून शहरात आलेल्या डॉक्टरला ऑपरेटर शोधत येतो. ती नको म्हणते. तो तिच्या दवाखान्यासमोर, बसथांब्यावर, इमारतीखाली उभा राहतो. वाचक विरघळले आहेत. मला तो माणूस आवडला नाही, पण घर पक्के होते. चौदाव्याच्या शेवटी तो दारापाशी पोहोचतो, हात उचलतो. संपले.

खाली लेखिकेची टीप होती: ‘कृपा करून काही दिवस इथे कुणीही कमेंट लिहू नका.’ उत्सुकता ताणायची तिची ही तऱ्हा, असे सगळ्यांनी धरले आणि लिहीत सुटले. मीही लिहिले: ‘चौदा प्रकरणे थांबवून दार न उघडणे ही वाचकाची फसवणूक आहे. दार उघडा.’

१४ डिसेंबर, रविवार

निळीशाई महिनाभर गप्प आहे. अशा कथेला मुकादम दत्तक देतात. दत्तक घेणाऱ्याला तीन अटी: कथा काढून टाकायची नाही, नायकाला मारायचे नाही, स्वभावाला सोडून कुणाला वागवायचे नाही. कमेंटी बंद-चालू करण्याचा हक्क मुकादमांचा. तक्रार असेल तर कथेखालीच, चारचौघांत.

मी हात वर केला. ताईला नवल वाटले. प्रेमकथा आणि तू, म्हणजे दगडाला पाझर फुटला म्हणाली.

कारण इथे लिहून ठेवते, दुसरीकडे कुठे लिहिणार नाही. आधीच्या गावात कामावरचा एकजण चार महिने रोज फाटकाशी उभा राहायचा. अंगाला हात लावला नाही, शब्दाने बोलला नाही. नुसता उभा. सगळे म्हणाले, किती जीव लावतोय बिचारा. आई म्हणाली, निदान चहाला तरी बोलाव. ताई म्हणाली, आजकाल असा कोण भेटतो. शेवटी गाव मी सोडले. त्याला कुणी जा म्हटले नाही.

निदान एका कथेत तरी अशा माणसाला परत पाठवायचे आहे.

२८ डिसेंबर, रविवार

पंधराव्या प्रकरणात डॉक्टरची बदली केली. म्हणजे तो त्या दारापाशी हात उचलून उभा राहिला, आणि ती निघून गेलेली. वाचक हळहळले आणि खूशही झाले. विरह त्यांना चालतो.

सोळाव्यात तिला घर द्यायचे होते. लोकांना उपदेश केलेला, तेव्हा मलाही पाहिलेलेच घर हवे. माझे दिले. तेवीस पायऱ्या, गजांची खिडकी, तीन कड्या. ‘अधीर’ नावाच्या वाचकाने लिहिले, की या घराचा दगड हाताला लागतो. मला बरे वाटले. हे कबूल केले पाहिजे.

४ जानेवारी, रविवार

सतरावे टाकले. तो नव्या गावात येतो आणि जिन्याच्या तळाशी बसतो. पुढच्या प्रकरणात तिथूनच माघारी पाठवीन. एवढ्यात चार कमेंटी आल्या, चारही एकाच सुरात: चढू दे ना त्याला, किती छळशील!

५ जानेवारी, सोमवार

सकाळी साडेसातला कामावर निघाले. बुटाची नाडी बांधायला खालून चौथ्या पायरीवर हात टेकला. पायरी उबदार होती. वरची थंड, खालची थंड. ऊन जिन्यावर दहानंतर येते. मांजर असावे.

७ जानेवारी, बुधवार

मांजर नाही. प्रयोगशाळेतून दुरून तापमान मोजायचा थर्मामीटर आणला; परवाच तपासलेला, चूक ०.२ अंशाच्या आत. सकाळी सात:

मंगळवार: सातवी पायरी ३६.६. बाकीच्या १९.
बुधवार: अकरावी ३६.७. बाकीच्या १९.

आठपर्यंत उतरते. दगडाखाली नळ नाही, वायर नाही. कुणी रात्रभर बसून नुकतेच उठून गेले, अशी ऊब.

सतराव्याखालच्या कमेंटींचे आकडे पाहायचे नव्हते. पाहिले. सोमवारी सकाळी चार, मंगळवारी सात, आज अकरा.

गटातले कुणी खोडसाळपणा करत असेल? गाव मी कुणाला सांगितलेले नाही. जुन्या गावातल्या त्याच्याबद्दल ताईला आडून विचारले. त्याचे लग्न झाले, परदेशी गेला म्हणाली. आवाजात हळहळ होती.

८ जानेवारी, गुरुवार

आज तेरा. तेरावी ३६.८.

घरमालकीणबाईंनी संध्याकाळी जिन्याशी अडवले. अगं, तुझे यजमान किती सोशिक आहेत म्हणाल्या. पहाटे सडा घालायला आले तर पायरीवर बसलेले, मी चहा विचारला तर मान हलवली, नजर वर तुझ्या दाराकडे. भांड्याला भांडं लागतंच, पण माणसाला किती दिवस बाहेर बसवायचं? मी म्हटले, माझे लग्न झालेले नाही, तुम्हीच त्याचे कारण विचारले होते. त्या हसल्या. रागात असंच म्हणतात गं, मीही म्हणायचे.

दिसायला कसा आहे, विचारले. म्हणाल्या, आता हे मी तुला सांगू?

९ जानेवारी, शुक्रवार

सुट्टी घेतली. अठरावे प्रकरण दुपारपर्यंत लिहून टाकले. तो उठतो, जिना उतरतो, गाडीत बसतो, जातो. तिच्या नकाराचा अर्थ नकार, एवढे त्याला कळते. मागे वळून पाहत नाही. साडेतीनशे शब्द, एकही विशेषण नाही.

संध्याकाळी सहाला मोजले. तेवीसही पायऱ्या १९.

पायरीवर बसून चहा प्यायले. दगड थंड लागत होता. रडले, बहुतेक.

१० जानेवारी, शनिवार

मुकादमांनी अठरावे काढून टाकले. स्वभावाला सोडून आहे म्हणतात. आपला ऑपरेटर असा निघून जाणारा नाही, दशांश, तुमची लेखणी कोरडी आहे पण नियम सगळ्यांना सारखा. कथा सतराव्यावर परत आली. रागावलेल्या वाचकांनी तिथे भर घातली: आम्हाला हे मान्य नाही, त्याला वर येऊ द्या. सतरा.

सतरावी ३६.८.

निळीशाईला तीन निरोप पाठवले होते. उत्तर नाही. तिचे तेरावे प्रकरण पुन्हा वाचले. पहिल्या वाचनात मोजले नव्हते. डॉक्टर सर्वांत वरच्या मजल्यावर राहते, लिफ्ट बंद. तिथे आकडा आहे. पायऱ्या दोनशे बारा.

चौदाव्याखाली कमेंटी दोनशे बारा आहेत.

शेवटची माझी. दार उघडा.

१२ जानेवारी, सोमवार

एकोणीस. मुकादमांना खाजगी निरोप: कमेंटी बंद करा. उत्तर: इतकी गाजतेय आणि बंद? नखरे पुरेत.

कथेखाली वाचकांना लिहिले, की काही दिवस इथे कुणी काही लिहू नका. लिहिताना कळले की हे वाक्य आधी कुणी लिहिले आहे. तासाभरात दोन नव्या. हसणारे चेहरे. निळीशाईची नक्कल छान जमली म्हणे.

एकवीस.

बुधवारी सकाळच्या गाडीने ताईकडे जाते. तिकीट काढले.

१४ जानेवारी, बुधवार

सहाला ताईचा फोन. येतेस ना म्हणाली. मग लाडात — की तुझी कथा मीही वाचतेय, काल पहिल्यांदा कमेंट टाकली, दुसऱ्या नावाने, ओळख पाहू! भेटू दे गं त्यांना, असं लिहिलंय. तुझ्यासाठीच लिहिलं हो. तूही जरा दार उघडं ठेवायला शीक.

बाविसावी ताईची.

दाराखालच्या फटीतून बाविसावी पायरी मोजली. ३६.९. सात वाजता ३६.९. आठ वाजता ३६.९. नऊ.

आता उतरत नाही. म्हणजे तो उठून जात नाही.

गाडी गेली.

१४ जानेवारी, संध्याकाळ

तंत्रज्ञांना फोन केला. आले. खालीच त्यांना घरमालकीणबाई भेटल्या, म्हणाल्या: नवराबायकोचं आहे, तिसऱ्याने मध्ये पडू नये. मग तंत्रज्ञांचा फोन: माफ करा, मला तुमच्या घरचं माहीत नव्हतं. चांगले वाटतात हो, मला जागा द्यायला सरकून बसले. जरा ऐकून घ्या त्यांचं.

पोलिसांना — बाईंनी त्यांनाही चहा दिला. हसण्याचे आवाज. गेले.

१५ जानेवारी, गुरुवार

बावीस. अजून बावीस. सकाळपासून कुणी लिहिलेले नाही.

तिन्ही कड्या लावल्या आहेत. ठोठावत नाही. बोलत नाही. श्वास ऐकू येतो, तोही सभ्य —

मुकादम निरोप उघडत नाहीत. तक्रार कथेखालीच, म्हणून कथेखाली लिहिले. माझे स्वतःचे मोजणीत धरले जात नाही, सोमवारी पाहिले होते. जसे टाकले तसे इथे उतरवते:

‘मुकादम यांस. ही कथा काढून टाका. जमत नसेल तर कमेंटी बंद करा. मी दत्तकपत्र परत करते. ही कथा पुन्हा कुणाला देऊ नका, ज्याच्या घराला पायऱ्या आहेत अशा कुणालाही. रविवार, १८ जानेवारीपर्यंत मला उत्तर द्या.’

टाकले. टाकल्यावर लक्षात आले: इथे आलेले उत्तर तेविसावे. पुन्हा लिहिते आहे — उत्तर फोनवर द्या. पत्राने द्या, माणूस पाठवा, रविवारपर्यंत कसेही द्या, फक्त इथे खाली ल